इतरकर मॅडम

रागिणी गडदेला यंदा आमच्या कॉलेजात तास मिळाले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. शेवटी सांगितलं की लोक ‘अरेरे’ म्हणतात, आणि मला अरेरे म्हणणाऱ्यांचा मनस्वी राग येतो. तिची कीव करायची असेल तर पुढं वाचूच नका.

आमचं कॉलेज सेनगावच्या अलीकडं एका फाट्यावर आहे. दोन्ही बाजूंनी सोयाबीन, समोर पंक्चरचं दुकान आणि मधे आमची उच्च शिक्षणाची सोय. मी तिथं मराठी शिकवते, रागिणी अर्थशास्त्र शिकवायची. दोघीही तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवू तेवढ्या तासांचे पैसे, तेही सरकारला सवड होईल तेव्हा. उन्हाळ्यात घरी बसायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा त्याच खोलीत, त्याच माणसांपुढं मुलाखतीला उभं राहायचं. वर्षभर रोज आमच्या हातचा चहा पिणारी माणसं त्या दिवशी गंभीर चेहऱ्यानं ‘आपला परिचय द्या’ म्हणतात. आपणही देतो. पोट असतं ना.

रागिणी अंगानं किरकोळ, आवाजानं नाही. मेंढरांमागं हाका मारत वाढलेली पोरगी ती. तिच्या वर्गाला माईक लागत नसे, आणि शेजारच्या वर्गात मी काय शिकवते ते माझ्या पोरांना ऐकू जात नसे. तिचे वडील मल्हारी गडदे आणि आई गोजरबाई अजूनही मेंढरं राखतात. पाऊस उघडला की कळप घेऊन बाहेर पडायचं आणि या गावाहून त्या गावाला, वावरावावरांत मेंढरं बसवत हिंडायचं. मेंढरं रात्रभर ज्याच्या वावरात बसतात त्याला लेंडीखत मिळतं आणि तो गडद्यांना ज्वारी नाहीतर रोख देतो. असं करत ते कधी हट्टा गावापर्यंत जातात, कधी त्याच्याही पुढं. अशा घरातली ही पोरगी एम.ए. झाली, सेट झाली, आणि तिनं संशोधनाला विषय घेतला तो भारत आणि नेपाळ या दोन देशांच्या ‘इतर करां’चा.

आमच्याकडं अर्थशास्त्रात कुणीही संशोधनाला उठलं की हळदीवर बसतं. वसमतची हळद, हळदीची बाजारपेठ, हळद उत्पादकांच्या समस्या आणि उपाय. उपाय कुणीच करत नाही, त्यामुळं विषय संपतही नाही. रागिणीला हळदीचं वावडं नव्हतं, पण तिला खाज निराळीच. सेनगावच्या बसस्टँडजवळ एक नेपाळी बाई नूडल्सचा गाडा लावते. बाजाराच्या दिवशी पावती फाडणारा आला की ती त्याच्याशी खणखणीत हिंदीत भांडते आणि मग मुकाट पैसे देते. रागिणीनं तिला एकदा विचारलं, तुमच्या मुलखातही असंच असतं का. बाई म्हणाली, “वहाँ भी ऐसा ही है दीदी, बस पर्ची का रंग अलग है।”

एवढं ऐकून ही घरी गेली असती तर ती रागिणी कसली. दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप उघडून बसली. जगातल्या देशांच्या करांचे तक्ते असतात म्हणे, वर्षावर्षांचे. त्यात आयकर वेगळा, मालावरचा कर वेगळा, आयात-निर्यातीवरचा वेगळा. एवढे मोठे पाहुणे पंगतीला बसवून झाले की जे उरतात त्यांचा शेवटी एक रकाना असतो, ‘इतर कर’. घराजमिनीवरचा कर त्यात, मालकानं पगारावर भरायचा कर त्यात, वेळेवर कर न भरल्याचा दंडही त्यातच. मोठ्या करांवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, म्हणून मी बघणार, असं तिचं म्हणणं. स्टाफरूममध्ये तिचं नाव ‘इतरकर मॅडम’ पडलं. ती चिडली नाही. उलट वर्गात जाऊन पोरांना सांगून आली, की मला असं म्हणतात, तुम्हीही म्हणा.

वर्षभर ती त्यात बुडालेली होती. कुठल्या वर्षाचा नेपाळचा आकडा मिळेना म्हणून तिकडच्या कुठल्याशा प्राध्यापकाला इंग्रजीत मेल करायची आणि ते पाठवायच्या आधी मला वाचून दाखवायची. मला त्यातलं काय कळणार? मी ‘छान आहे’ म्हणायचे. शेवटी दोन रेघा तयार झाल्या, सरकारच्या उत्पन्नात इतर करांचा वाटा वर्षागणिक किती ते दाखवणाऱ्या. भारताची रेघ आलेखाच्या तळाशी, जवळजवळ भुईला चिकटून चाललेली. नेपाळची तिच्या वर, कधी चढणारी, कधी उतरणारी.

त्या रेघा पाहून शिवप्रसाद सर खूश झाले. शिवप्रसाद सर म्हणजे अर्थशास्त्राचे विभागप्रमुख, शिवाय कॉलेजचे उपप्राचार्य, म्हणजे कुणाच्याही मुलाखतीला खुर्ची टाकून बसणारे. कॉलेजात चर्चासत्र ठरलं होतं. कागदावर राष्ट्रीय, प्रत्यक्षात नांदेडहून एक पाहुणे आणि परभणीहून एक. सरांनी रागिणीचा निबंध त्यात घातला, वर आपलं नाव टाकलं, खाली तिचं, आणि निष्कर्ष स्वतः लिहिला: ‘भारतीय नागरिकावर इतर करांचा भार नगण्य आहे, शेजारी देशाच्या तुलनेत आपला नागरिक सुखी आहे.’ पत्रिकाही छापून आली. गुळगुळीत कागद, सरांचा फोटो, खाली हाच निष्कर्ष.

रागिणीनं ती पत्रिका वाचली आणि डब्यातला घास तसाच ठेवला.

“अंजली मॅडम,” ती मला म्हणाली, “हे खोटं आहे.”

“काय खोटं आहे? रेघ तूच काढलीस ना?”

“रेघ खरी आहे. वाक्य खोटं आहे.”

मग तिनं मला समजावलं, आणि तिचं म्हणणं पहिल्यांदाच मला सगळं कळलं. भारताची ती रेघ फक्त दिल्लीच्या सरकारची. आपल्याकडं घरावरचा कर दिल्लीला जातच नाही. गावात ग्रामपंचायत घेते, शहरात नगरपालिका. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सगळं इथंच. म्हणजे दिल्लीच्या रकान्यात तो दिसणारच नाही. दिसत नाही म्हणून आपण भरत नाही असं कसं? नेपाळचंही तसंच, नवी राज्यघटना आल्यावर तिथले काही कर वरून खाली गावांकडं गेले. रेघ उतरली तर कर कमी झाला की नुसता दुसऱ्याच्या अंगणात गेला, ते आधी बघावं लागेल. तोवर कोण सुखी नि कोण दुःखी, हे बोलायचं कारण नाही.

मी म्हटलं, सरांना सांग. ती गेली. मी दाराबाहेर उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मुद्दाम ऐकायलाच उभी राहिले.

“सर, निष्कर्ष बदलावा लागेल.”

“पत्रिका छापली आता.”

“मग मी बोलताना बदलते.”

“रागिणी, एवढं बारीक कोण बघतं? पाहुणे जेवून दोनच्या गाडीनं जाणार. तू रेघा दाखव, टाळ्या घे, खाली बस. जूनमध्ये मुलाखती आहेत, तुला माहीत आहे ना?”

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी मायेनं म्हटलं. काही माणसं धमकीसुद्धा पाठीवरून हात फिरवल्यासारखी देतात, आणि आपण कळून न कळल्यासारखं करतो. मी तर केलंच असतं.

त्या संध्याकाळी ती जीपनं आईवडिलांकडं गेली आणि मलाही घेऊन गेली. कळप तेव्हा जवळच एका तुरीच्या रिकाम्या झालेल्या वावरात बसला होता. गोजरबाईंनी तीन दगडांवर भाकरी टाकल्या. मल्हारीबाबांनी सगळं ऐकून घेतलं. करांचं नाही, त्यांना मुलाखतीचं तेवढं कळलं.

“सायबाच्या तोंडी काहून लागून राहिली तू?” ते म्हणाले. “दोन घास सावलीत बसून खायची येळ आली, अन् तुला भांडण सुचून राहिलं.”

“बाबा, तुम्ही नाही लागलात तोंडी, तर काय झालं?”

गोजरबाई भाकरी थापत म्हणाल्या, “जाऊ दे की आता. झालं ते झालं.”

काय झालं होतं ते रागिणीनं मला परत येताना सांगितलं. ती सातवीत असताना जनावरं मोजायला माणूस आला होता. कळप तेव्हा हट्ट्याच्या शिवारात बसलेला, घरी फक्त आजी. त्यानं दारात पाहिलं, मेंढरू दिसलं नाही. ‘मेंढ्या: निरंक’ असं लिहून गेला. पुढं रोग आला, कळपातली निम्मी मेंढरं तडफडून मेली. मदतीसाठी मल्हारीबाबा कचेरीत गेले तेव्हा उत्तर मिळालं, तुमच्या नावावर मेंढ्याच नाहीत, मेल्या कुठून? बाबांच्या अंगाला मेलेल्या मेंढरांचा वास येत होता. साहेबानं नाकाला रुमाल लावला होता, आणि तरी मेंढ्या नाहीत म्हणाला. बाबा बरं म्हणाले आणि माघारी आले.

“त्या दिवशी मी सोबत होते,” रागिणी म्हणाली. “मला मेंढरांचं रडू नाही आलं. बाबा बरं म्हणाले त्याचं आलं. आता मी त्याच माणसासारखं लिहू? इथं दिसत नाही म्हणून नाहीच म्हणू?”

मला तिचं भय वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर हेवाही.

चर्चासत्राच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पोरांना हजेरीची सक्ती, गावातले काही मान्यवर, समोर पाहुणे, हारतुरे, दीपप्रज्वलन. चार वेळा काडी विझली. मग रागिणीची पाळी आली. तिनं पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. इतर कर म्हणजे काय ते दोन मिनिटांत असं सांगितलं की मागच्या बाकावरच्या पोरांनीसुद्धा मोबाइल खाली ठेवले. शिवप्रसाद सर हसतमुखानं मान डोलावत होते.

“आता पत्रिकेत निष्कर्ष छापला आहे,” ती म्हणाली, “की आपल्यावर या करांचा भार नगण्य आहे. तर सभागृहात ज्यांनी यंदा आपल्या घराची घरपट्टी भरली, त्यांनी कृपा करून हात वर करावेत.”

आधी मान्यवरांचे हात वर गेले. सरपंचाचा अर्धा गेला. आमच्या शिपाई मिराबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांचे तर दोन्ही हात गेले. नांदेडच्या पाहुण्यांनी केला, परभणीच्यांनी केला. आणि कौतुक बघा, शिवप्रसाद सरांचाही गेला. कराच्या बाबतीत माणूस वक्तशीर, सवयीनं गेला हात वर.

“धन्यवाद,” रागिणी म्हणाली. “तुम्ही भरलेला एक रुपयाही या रेघेत नाही. ही रेघ खरी आहे, पण ती फक्त केंद्राच्या तिजोरीची आहे. तिच्यावरून तुमचा भार नगण्य म्हणणं म्हणजे एका वावरात मेंढरू दिसलं नाही म्हणून मुलखात मेंढरं नाहीत म्हणणं. नेपाळच्या रेघेलाही हेच लागू. दोन देशांची तुलना करायची तर दिल्ली-काठमांडूपासून गावापर्यंतचे सगळे रकाने मांडावे लागतील. ते काम मी केलेलं नाही. करणार आहे. तोवर छापलेला निष्कर्ष मला मान्य नाही.”

“मॅडम, वेळ संपली,” सर उभे राहून म्हणाले. हात तेव्हा कुठं खाली आला होता.

“माझी पंधरा मिनिटं आहेत सर, अजून आहेत थोडी.”

“बाजार फी, पाणीपट्टी, हे कर नसतात, शुल्क असतं! एवढं तरी—”

“बरोबर आहे सर. म्हणून मी पाणीपट्टी विचारली नाही, घरपट्टी विचारली.” मग ती पाहुण्यांकडं वळली. “हा निष्कर्ष तसाच ठेवायचा असेल तर निबंधावरून माझं नाव काढावं. निष्कर्ष बदलणार असाल तर राहू द्या.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे जेवून दोनच्या गाडीनं गेले. निबंध छापून आला, त्यावर तिचं नाव नाही, निष्कर्ष मात्र जिथल्या तिथं आहे, सुखी नागरिकासकट. वर्षभराचं तिचं काम त्यात आहे आणि नाव एकट्या सरांचं. मला अजून तो अंक दिसला की हात शिवशिवतात.

मग जून आला. मुलाखतीला येऊच नकोस, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. ती आली. सोबत मल्हारीबाबाही आले, नवं धोतर नेसून, हातात काठी. पोरीला सोडायला आलो म्हणाले, पण त्यांचा बेत निराळा होता. रागिणीचं नाव पुकारलं तसे तेही तिच्यामागं आत घुसले. मिराबाईंनी अडवलं नाही. दार उघडंच राहिलं आणि बाहेर रांगेत बसलेल्या आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

प्राचार्य बिचारे भांडणाला कंटाळलेले. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या शिकवण्याबद्दल तक्रार नाही. भर सभेत वरिष्ठांचा अवमान झाला, त्याबद्दल चूक झाली एवढं म्हणा, विषय मिटवू. तास तुमचेच आहेत.”

शिवप्रसाद सर खिडकीबाहेर बघत होते.

रागिणी बोलायच्या आत मल्हारीबाबांनी काठी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले. “सायब, लेकरू हाय. चुकलं तिचं. म्या माफी मागतो. वाटलं तर पाया पडतो.” आणि खरंच वाकायला लागले.

“बाबा, हात खाली करा.”

ती ओरडली नाही. पण तो आवाज वर्गातला होता, कुठंही पोचणारा.

“अगं पोरी—”

“खाली करा म्हणते ना. चुकलं असतं तर मीच जोडले असते.” मग प्राचार्यांना म्हणाली, “सर, मी कुणाचा अपमान केला नाही. माझं चुकलेलं नाही. तास द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा.”

आणि बापाच्या दंडाला धरून बाहेर आली. आमच्यासमोरून ती मान वर करून गेली. मल्हारीबाबांचा चेहरा मात्र बघवेना. चार माणसांत पोरीनं हात खाली करायला लावले, ते त्यांना झोंबलं होतं. दोघं समोर पंक्चरच्या दुकानाजवळच्या बाकावर जाऊन बसली. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

मी आत गेले. सरांनी कागद चाळला आणि म्हणाले, “आपला परिचय द्या.” मी देऊ लागले. नाव, शिक्षण, अनुभव. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मनात नुसतं चाललं होतं, की अंजली, तू आत्ता तरी काहीतरी बोल. आणि मी आपली माझ्या एम.ए.चं वर्ष सांगत होते.

दार धाडकन उघडलं. मल्हारीबाबा. धापा टाकत होते, समोरच्या बाकावरून तडक आले असावेत.

“काय बाबा, आता काय?” प्राचार्य म्हणाले.

“सायब, मगाशी म्या हात जोडले.”

“बरं, मग?”

“ते वापस घ्यायला आलो.”

शिवप्रसाद सरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. “बाबा, तुम्हाला तो विषय तरी कळला का? भारत, नेपाळ, काय ते?”

“न्हाई कळला,” बाबा म्हणाले. “म्या तिला इचारलं, तुझं बराबर हाय का? ती म्हनली, व्हय. ती मला कदी खोटं सांगत न्हाई. म्या म्हनलं मग आधी काहून सांगितलं न्हाई, उगी हात जोडून बसलो.” त्यांनी काठी टेकली आणि ताठ उभे राहिले. “तर ती माफी न्हाई धरायची. म्या जोडलेच न्हाईत असं समजा.”

आणि उत्तराची वाट न बघता, दार ओढून घेऊन ते निघून गेले. सर मला म्हणाले, “हं, पुढं?”

मी उठले आणि आधी दार सताड उघडं केलं. मग खुर्चीत न बसता, उभ्यानंच, बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “पुढं एवढंच सर, की रागिणी गडदेचं बरोबर आहे.”